वाचकांचे प्रश्न : परत मागवलेला झोपाळा बाळासाठी वापरावा का?

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत राहते. तिच्या थोरल्या मुलासाठी तिने २०१६ मध्ये फिशर-प्राइस कंपनीचा 'रॉक एन प्ले' नावाचा डुलणारा झोपाळा घेतला होता. यंदा आमच्या सुनेला मुलगा झाला, तेव्हा बारशाला येताना मुलीने तो घडी घालून सोबत आणला. झोपाळा नव्यासारखा आहे आणि नातू त्यात शांत झोपतो. परंतु सुनेच्या मैत्रिणीने सांगितले, की अमेरिकेत ही वस्तू कंपनीने परत मागवली होती. तसे असेल, तर माझ्या मुलीला ते कळायला नको होते का? तिचा मुलगा तर याच झोपाळ्यात वाढला आणि त्याला काहीही झाले नाही.
— एक आजी, सांगली

उत्तर : हे उत्तर आपल्या हाती पडेल त्या क्षणापासून बाळाला त्या झोपाळ्यात ठेवणे बंद करावे, ही विनंती प्रथम करतो. सुनेच्या मैत्रिणीने दिलेली माहिती खरी आहे. २००९ पासून विक्रीस असलेला हा झोपाळा कंपनीने १२ एप्रिल २०१९ रोजी परत मागवला. तोपर्यंत असे सुमारे ४७ लाख झोपाळे विकले गेले होते आणि ३० हून अधिक तान्ह्या बाळांच्या मृत्यूची नोंद झाली होती. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाला आणि कंपनीला हीच घोषणा पुन्हा करावी लागली, कारण तोवर मृत्यूंची संख्या सुमारे १०० वर गेली होती आणि त्यांतील निदान ८ मृत्यू वस्तू परत मागवल्यानंतरचे होते. प्रत्येक मृत्यूमागचे कारण निश्चित सांगता आलेले नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. तरीही एवढ्या नोंदी समोर आल्यानंतर संशयाचा फायदा बाळाला द्यायचा असतो, वस्तूला नव्हे.

दोष कापडात किंवा सांगाड्यात नाही, तो रचनेतच आहे, त्यामुळे वस्तू नव्यासारखी असली तरी धोका कमी होत नाही. या झोपाळ्यात बाळाची पाठ सुमारे ३० अंशांच्या उतारावर राहते. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मान अजून धरलेली नसते. अशा स्थितीत डोके पुढे कलले, हनुवटी छातीला टेकली, की आधीच बारीक असलेली श्वासाची वाट आणखी अरुंद होते. बाळ मोठे होऊन वळायला लागले, की दुसरा धोका उभा राहतो. उतारावर ते कुशीवर किंवा पालथे झाले, तर नाक-तोंड मऊ कापडात दाबले जाते आणि तिथून सुटण्यासाठी लागणारी ताकद त्याच्यात नसते. या दोन्ही प्रसंगी बाळ रडत नाही, हातपाय आपटत नाही. शेजारच्या खोलीतल्या माणसाला ते शांत झोपले आहे असेच वाटते, म्हणून 'शांत झोपतो' हे आपल्या पत्रातले शब्द वाचून मला अधिक काळजी वाटली.

थोरल्या नातवाला काही झाले नाही, ही आनंदाची गोष्ट आहे आणि आपला युक्तिवादही स्वाभाविक आहे. मात्र ४७ लाख झोपाळ्यांमागे सुमारे १०० मृत्यू, याचा अर्थ असा, की बहुतेक घरांचा अनुभव आपल्या मुलीसारखाच चांगला असणार. कोणत्याही एका आईला, एका आजीला किंवा एका बालरोगतज्ज्ञालाही हा धोका स्वतःच्या अनुभवातून दिसणे जवळजवळ अशक्य होते. वेगवेगळ्या गावांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या कुटुंबांचे दुःख एका ठिकाणी नोंदले गेले तेव्हाच तो दिसला. वस्तू परत मागवण्याची घोषणा ही अशा एकत्र आलेल्या अनुभवातून निघालेली असते, म्हणून तिच्यापुढे आपल्या एका घरचा अनुभव प्रमाण मानू नये.

आपल्या मुलीला का कळले नाही, याचे उत्तर 'परत मागवणे' या शब्दातच दडलेले आहे. या शब्दाने असे वाटते, की कुणीतरी दारी येऊन वस्तू घेऊन जाते. प्रत्यक्षात निघते ती फक्त सूचना, आणि तीही वृत्तपत्रांतून, दुकानांतून किंवा खरेदीच्या वेळी नोंदवलेल्या पत्त्यावर. बाळाच्या पलंग-झोपाळ्यासारख्या टिकाऊ वस्तूंसोबत नोंदणीपत्र देण्याचे बंधन २००८ च्या कायद्याने अमेरिकेतील उत्पादकांवर आले; पण ते पत्र भरून पाठवणे ग्राहकाच्या हाती असते आणि बाळंतपणाच्या गडबडीत ते खोक्याबरोबरच जाते. त्यात वस्तू भेट म्हणून आलेली असली, किंवा एका घरातून दुसऱ्या घरी गेली, तर सूचनेचा धागा पुरताच तुटतो. मुलीला दोष देऊ नये. आपल्याकडे बाळंतविडा, दुपटी, झबली घराघरांतून फिरतात, थोरल्या मुलाचे कपडे धाकट्याला घालणे शुभ मानतात, आणि कपड्यांपुरती ही रीत मला फार सुंदर वाटते. मात्र ज्या वस्तूत बाळाला बसवायचे, झोपवायचे किंवा बांधायचे, ती कितीही मायेने आलेली असली तरी तिच्या मागचे लेबल वाचून, कंपनीचे नाव आणि मॉडेल क्रमांक अमेरिकेच्या त्या आयोगाच्या संकेतस्थळावर शोधावा. 'ग्लोबल रिकॉल्स' या नावाचे एक संकेतस्थळही आहे, त्यावर अनेक देशांच्या सूचना एकत्र पाहता येतात.

आता या झोपाळ्याचे काय करावे? लेबलाचे छायाचित्र काढून मुलीला पाठवावे, म्हणजे भरपाईबाबत ती तिथे विचारणा करू शकेल. त्यानंतर तो कुणालाही देऊ नये, विकू नये, आणि आहे तसा भंगारातही टाकू नये, कारण भंगारातून तो एखाद्या गरीब घरच्या बाळापर्यंत पोहोचेल. कापड आणि पट्टे कापून, सांगाडा मोडूनच टाकावा.

मग झोळीचे काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल, आणि तो यायलाच हवा. झोळीतही बाळ वाकलेलेच असते, म्हणून तिला केवळ आपली म्हणून सूट देता येत नाही. झोळीत निजवलेल्या बाळाजवळ जागे माणूस असावे, हनुवटी छातीला टेकलेली नाही ना हे पाहत राहावे आणि डोळा लागला की बाळाला सपाट, कडक गादीवर उताणे ठेवावे. बाजूला उशा, लोड किंवा जाड पांघरूण नसावे. अमेरिकेत मे २०२२ मध्ये झालेल्या कायद्याने १० अंशांहून अधिक उताराच्या बाळझोपाळ्यांवर आणि पाळण्याच्या कडेने लावायच्या जाड गाद्यांवरही बंदी आणली, ती याच विचाराने.

प्रश्न : जत्रेत घेतलेल्या दिव्याच्या खेळण्याचे झाकण पहिल्याच दिवशी निघाले आणि आतली चपटी, बटणासारखी बॅटरी माझ्या दोन वर्षांच्या मुलीच्या हातात सापडली. सुदैवाने तिने ती तोंडात घातली नव्हती. आपल्या देशात असे खेळणे परत मागवण्याची काही सोय आहे का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : सोय आहे, परंतु ती तक्रारीशिवाय हलत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याने स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला चौकशीनंतर धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आदेश देता येतो. त्यासाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. चिन्हाखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' या ॲपवर घातला, की तो खरा आहे की नाही हे कळते, आणि तक्रारही तिथेच करता येते. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या खेळण्यांना या अटीतून सूट आहे. आपले खेळणे त्यांतले दिसत नाही. खेळणे, वेष्टन आणि असल्यास पावती फेकून देऊ नये, तोच पुरावा आहे.

बॅटरी मुलाने गिळल्याची नुसती शंका आली, तरी वाट पाहू नये. अन्ननलिकेत अडकलेली अशी बॅटरी तिथल्या ओलाव्यात विजेचा प्रवाह सुरू करते आणि त्यातून तयार होणाऱ्या क्षारामुळे दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. उलटी करवू नये. क्ष-किरण तपासणीची सोय असलेले रुग्णालय थेट गाठावे.

प्रश्न : टोरांटोला दिराकडे जाताना त्यांच्या आठ महिन्यांच्या मुलीसाठी चाकांचा वॉकर नेऊ का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नेऊ नये. बाळाला आत बसवून फिरवणाऱ्या वॉकरची विक्री, जाहिरात आणि आयात या तिन्हींवर कॅनडात एप्रिल २००४ पासून बंदी आहे आणि ती वापरलेल्या वॉकरलाही लागू आहे. वॉकरमधले बाळ एका सेकंदात तीन फुटांहून अधिक पुढे जाते, त्यामुळे जवळ उभ्या असलेल्या आईलाही ते जिन्याच्या कडेला पोहोचण्याआधी धरता येत नाही. लाकडी पांगुळगाडा या बंदीत येत नाही, कारण तो बाळ उभे राहून मागून ढकलते. पुतणी धरून उभी राहायला लागली, की तो द्यावा. मात्र त्याची चाके सैल फिरणारी नसावीत आणि जिना असलेल्या घरात जिन्याला आधी फाटक बसवून घ्यावे.