आधी शेजारणीकडे विरजण माग

"ताई, नगरला आमच्या घराचं दार दिवसभर उघडं असायचं, रविवारी उपासनेनंतर कोणी ना कोणी जेवायला असायचंच. इथे वाकडला तीन वर्षं झाली, चर्चच्या मंडळीत सगळे हात मिळवतात, प्रेझ द लॉर्ड म्हणतात आणि पार्किंगकडे पळतात. मागच्या नाताळात चौदा जणांना बोलावलं, दोन दिवस राबले, त्यावरून नवऱ्याशी भांडण झालं, आणि नंतर एकानेही आम्हाला बोलावलं नाही. वन बीएचके, दोघांच्या शिफ्ट. मी ख्रिस्ती म्हणून कमी पडतेय का?"
– एकटी, वाकड

बाळा, सलाम.

नाही गं, कमी पडत नाहीयेस. नगरचं दार उघडं राहायचं कारण आत कायम कोणीतरी बाई असायची, आई नाहीतर आजी नाहीतर काकू, आणि कोणी आलं की तीच उठून पुन्हा भाकरी थापायची. तिची पाठ दुखते का हे आपण कधी विचारलं नाही. तुमच्याकडे दिवसभर कुलूप असतं, तर त्या घराशी तुलनाच करू नकोस.

प्रभू येशू घरी आला तेव्हा राबणारी बेथानीची मार्था आठव, बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायातली. प्रभूने तिला स्वयंपाक केल्याबद्दल बोल लावला नाही, ती पुष्कळ गोष्टींची दगदग करत होती म्हणून बोलला. चौदा जण आणि दोन दिवस ही तीच दगदग. पुढच्या वेळी दोनच माणसं बोलव, मुगाची खिचडी, पापड, लोणचं, बस. आणि पाहुणी आली की तिच्या हातात लसूण सोलायला दे. सोफ्यावर बसवलेली बाई हवापाण्याचं बोलते, ओट्याशी उभी राहिलेली बाई घरचं बोलते, हे मी कितीदा बघितलंय.

आता एक गोष्ट जी तुझ्या पत्रात कुठेच नाहीये. तू फक्त देणारी आहेस, मागत कोणाकडेच नाहीस. प्रभू बघ, परक्या समाजातल्या शोमरोनी बाईकडे विहिरीवर पाणी मागतो, जकातदार जक्कयाला सांगतो आज मला तुझ्या घरी उतरायचंय, अम्माऊस गावाला तर वाटेत भेटलेले दोघं शिष्य त्याला आग्रहाने आत बोलावतात आणि पाहुणा असून भाकर तोच मोडतो. तो बहुतेक वेळा पाहुणाच होता! शहरात आपलं मागणंच सुटलंय, कोथिंबीर दहा मिनिटांत दारात येते मग शेजारणीची बेल कशाला वाजवायची.

मी लग्नानंतर भायखळ्याला आले तेव्हा तापाने पडले होते, समोरच्या खोलीतल्या बाई पेज घेऊन आल्या आणि मी घर पसरलंय म्हणून दार अर्धंच उघडलं, वाटी घेतली आणि लावून टाकलं. त्या परत आल्या नाहीत. मला अजून वाईट वाटतं.

म्हणून आधी शेजारी विरजण माग. वाटी परत देताना रिकामी देऊ नकोस. त्या शाकाहारी असतील, आपल्या घरचं खातील की नाही असं मनात येईल तर सरळ विचार, काय चालतं, बाहेरचा चहा बरा वाटेल का. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकसुद्धा ख्रिस्ती होण्याआधी किती कडक सोवळं पाळायच्या, माणसाला वेळ लागतो. आणि एक कळकळीने सांगते, शेजाऱ्याला जेवायला बोलावलंस तर जेवायलाच बोलव, ताटाआड ट्रॅक्ट, म्हणजे धर्मप्रचाराचं पत्रक, ठेवू नको. त्यांनी आपणहून विचारलं तर खुशाल सांग.

परत कोणी बोलावलं नाही याचं दुखणं मला कळतं. लूक 14 मध्ये प्रभू म्हणतो, ज्यांना फेड करता येत नाही त्यांना बोलव. तुमच्या मंडळीत पीजीत राहणाऱ्या मुली असतील, रविवारी त्यांची मेस बंद असते, त्यांच्यापासून सुरू कर. त्या विचारतील कशा आहात, तेव्हा "प्रभूच्या कृपेने छान" म्हणून मोकळी होऊ नकोस, थकले असशील तर थकले म्हण. कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरोघरच्या प्रार्थनासभेत, वर्षभर शेजारी बसून जे बोललं जात नाही ते तेवढ्या एका वाक्याने सुरू होतं.

फक्त हे सगळं करायच्या आधी नवऱ्याला विचार, महिन्यातला कुठला दिवस त्याला चालेल. नाईट करून आलेल्या माणसाला घरात आवाज नको असतो, घर त्याचंही आहे. तो म्हणाला दोन महिन्यातून एकदाच, तर एकदाच.