९ वर्षांच्या मुलासाठी आरसी (रिमोटवर चालणारी) कार घ्यायची आहे, १:१० घेऊ, १:१८ की १:२४?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की नागपुरात मनीषनगरला फ्लॅट आहे, खाली पार्किंगमध्ये गट्टू बसवलेत आणि बाजूला एक रिकामा प्लॉट आहे. माझं स्पष्ट मत, १:१८ किंवा १:१६ मधला फोर व्हील ड्राइव्ह ट्रक घ्या, १:१० सध्या नको. का ते नीट सांगतो, कारण दुकानात पोट्टा सगळ्यात मोठ्या डब्याकडेच बोट दाखवणार आणि तेव्हा तुमच्याकडे उत्तर पाहिजे.

आधी ते आकडे. १:१० म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी, म्हणून मागचा आकडा वाढला की गाडी लहान होते, बरेच जण इथेच उलटं समजून बसतात. थार जवळपास ४ मीटरची आहे न, ती १:१० मध्ये ४० सेंटीमीटर, १:१८ मध्ये २२ आणि १:२४ मध्ये १६-१७. आणि लांबी निम्मी झाली की वजनही निम्मं होते असं नाही, लांबी-रुंदी-उंची तिन्ही कमी झाल्याने ते साधारण आठव्या हिश्शावर येते. म्हणून १:१० चा ट्रक दोन-अडीच किलो भरतो आणि १:२४ चा क्रॉलर, म्हणजे हळूहळू दगडांवर चढणारी गाडी, पाव किलोच्या आसपास. आता दोन किलोची वस्तू ३०-४० च्या स्पीडने पार्किंगमध्ये कोणाच्या घोट्यावर आली तर? संध्याकाळी खाली आज्या बसलेल्या असतात, लहान लेकरं खेळून राहिली असतात, ९ वर्षांच्या मुलाच्या हातात ते नको वाटते मला.

मग सगळ्यात लहान का नाही घ्यायची? तर गाडी लहान होते पण गिट्टी तेवढीच राहते. १:२८ ची रेसिंग कार घरातल्या टाइल्सवर इतकी मस्त पळते की बघतच राहावं, पण तिचं चाक अडीच सेंटीमीटरच्या आसपास आणि पोट जमिनीला जवळजवळ टेकलेलं, गट्टूच्या फटीतच ती उडते नाहीतर अडकते. चाकाच्या निम्म्या उंचीएवढा दगड समोर आला की गाडी थांबणार असं धरून चाला. म्हणजे १:२४ क्रॉलरचं पाचेक सेंटीमीटरचं चाक बोटाच्या पेरापेक्षा मोठ्या दगडाशी झगडते, १:१० ट्रकचं दहा-अकरा सेंटीमीटरचं चाक तोच दगड सहज ओलांडते, १:१८ या दोघांच्या मधात. क्रॉलरची मजा मात्र वेगळी, हळू चालतो, घरात उशा-पुस्तकांचा डोंगर करून चढवता येतो, पावसाळ्यात प्लॉटवरची काळी माती चाकाला चिकटून गोळे व्हायला लागले की घरी तोच कामाचा.

डब्यावरच्या स्केलवर फार जाऊ नका, एकाच १:१६ मध्ये बग्गी लांब-बुटकी आणि मॉन्स्टर ट्रक रुंद-उंच येतो, स्वस्त खेळण्यांवर तर काहीही छापलेलं असते. सेंटीमीटरमध्ये लांबी, चाकाचा व्यास आणि खालून जमिनीपासूनची उंची विचारा. आणि गिअर, सस्पेन्शन आर्म (चाक धरून ठेवणारा दांडा), सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) सुटे मिळतात का हे नक्की विचारा, कारण गाडी भिंतीला आदळणारच, पार्ट मिळाला तर तुम्ही दोघं बसून ती दुरुस्त कराल, आणि मला विचाराल तर या छंदातलं खरं सुख तिथेच आहे.

लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी असेल तर आपल्या मे महिन्यात ४५ डिग्रीला ती बंद कारमध्ये किंवा बाल्कनीत ठेवू नका, गाडी चालवून आल्यावर थंड होऊ द्या मगच चार्जिंगला लावा, आणि चार्ज होईपर्यंत मोठ्या माणसाने घरात थांबावं.

प्लॉटवर गवत किती आहे ते सांगा, घोट्याच्या वर असेल तर ते अ‍ॅक्सलला गुंडाळून १:१८ पण अडकेल, मग खेळायला दुसरं मैदान बघावं लागेल.