गुंतवणूक प्रश्नोत्तरे : तेजी, गर्दी आणि आपले पैसे

प्रश्न : वय ५४. म्युच्युअल फंडांत २० लाख रुपये आहेत, त्यातले १६ लाख स्मॉलकॅप (छोट्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या) योजनांत आणि ४ लाख निफ्टी इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टी निर्देशांकातल्या बड्या कंपन्यांचेच शेअर घेणाऱ्या फंडात. ओळखीतले सगळेच स्मॉलकॅपकडे वळले, तसा मीही वळलो. आता धास्ती वाटते. सगळं काढून घेऊ का? (सांगली)

उत्तर : सगळं काढू नका, पण निवृत्ती सहा वर्षांवर आलेली असताना १६ लाख तिथे ठेवूही नका. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,१६० वर बंद झाला होता. साठ टक्के पडलेली रक्कम पूर्ववत व्हायला दीडशे टक्के वाढ लागते, आणि त्यासाठी थांबायला तुमच्याकडे फारशी वर्षं नाहीत.

प्रमाण आधी ठरवा. तुमच्या वयाला आम्ही निम्मे शेअर, निम्मे ठेवी-रोखे सुचवू : इंडेक्स फंडात ७ लाख, स्मॉलकॅपमध्ये ३ लाख आणि उरलेले १० लाख सुरक्षित बाजूला. म्हणजे स्मॉलकॅपमधून १३ लाख काढावे लागतील. ते दोन हप्त्यांत काढा, एक ३१ मार्चच्या आधी आणि दुसरा नंतर. वर्षभराहून जुन्या युनिट्सच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे १२.५ टक्के आहे. हप्ते पाडले की ही सूट दोनदा मिळते. वर्षाच्या आतल्या युनिट्सवर मात्र २० टक्के कर आणि बहुतेक योजनांत एक टक्का एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्याचं शुल्क) बसतो. विक्रीत जुनी युनिट्स आधी जातात, त्यामुळे फंडाच्या खातेउताऱ्यात खरेदीच्या तारखा पाहूनच विक्रीची रक्कम टाका.

त्यानंतर वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, प्रमाण तपासा. ते पाच टक्क्यांहून जास्त सरकलं असेल तरच हात लावा. शेअरचे १० लाख वाढून १४ झाले तर एकूण २४ लाखांत त्यांचा वाटा ५८ टक्के होतो. २ लाख विकून ठेवींत टाका. उलट १० चे ७ झाले तर वाटा ४१ टक्क्यांवर येतो. दीड लाख ठेवींतून शेअरमध्ये न्या. हे दुसरं काम जड जातं, कारण त्या वेळी सगळे पळत असतात. सप्टेंबर २०२४ मध्ये २६,२७७ वर गेलेला निफ्टी उतरत होता, आणि जानेवारी २०२५ मध्ये नव्या एसआयपींपेक्षा (ठराविक रकमेच्या नियमित गुंतवणुकींपेक्षा) बंद पडलेल्या किंवा मुदत संपलेल्या एसआयपींची संख्या जास्त भरली.

सुरक्षित बाजू खरोखर सुरक्षित असू द्या. एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी क्रेडिट रिस्क फंड (कमी पत असलेल्या कंपन्यांचे रोखे घेणारे) घेऊ नका. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पल्टनने सहा रोखे योजना बंद केल्या, तेव्हा लोकांचे पैसे ऐन गरजेच्या काळात अडकले.

प्रश्न : मार्च २०२१ मध्ये निफ्टीचा पी/ई (शेअरचा भाव नफ्याच्या किती पट, तो आकडा) ४० होता, लगेच ३३ दिसू लागला. बाजार तर पडला नव्हता. मग महाग-स्वस्त ओळखायचं कशावरून? (पुणे)

उत्तर : बाजार नव्हे, मोजणी बदलली. तोवर कंपनीचा एकटीचा नफा धरत. तेव्हापासून उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरला जातो. म्हणून ‘२५ च्या वर गेला की विका’ हा जुना ठोकताळा आजच्या आकड्याला लावू नका. शिवाय टाळेबंदीत नफाच आटल्याने पी/ई फुगला होता. त्यावर विसंबून विकणाऱ्यांची पुढची तेजी हुकली.

गर्दीचा अंदाज घ्यायला आम्ही नव्या शेअरविक्रीकडे (आयपीओ) पाहतो. जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरच्या ४५० रुपयांच्या शेअरसाठी ७० पटींहून जास्त मागणी आली. फेब्रुवारीत नोंदणीच्या पहिल्याच दिवशी तो ३७२ रुपयांच्या आसपास बंद झाला. स्मॉलकॅप फंडांसाठी आणखी एक आकडा मार्च २०२४ पासून दरमहा जाहीर होतो : निम्मा पोर्टफोलिओ (फंडातले शेअर) विकायला किती दिवस लागतील. तुमच्या योजनेचे दिवस वाढत चालले असतील तर घाईत बाहेर पडणाऱ्यांचे पैसे देताना फंडाला भाव पाडूनच शेअर विकावे लागतील. अशी लक्षणं दिसली की एकरकमी नवे पैसे घालू नका. त्यावरून तारीख ठरवून सगळं विकायला मात्र जाऊ नका. तेजी त्यानंतरही वर्षभर चालू शकते.

प्रश्न : ५०० ला घेतलेल्या शेअरला ४५० चा स्टॉपलॉस (भाव तिथवर उतरला की आपोआप विकायची ऑर्डर) होता, तरी तो विकलाच गेला नाही. (ठाणे)

उत्तर : बहुधा ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर जागी होते तो) ४५० आणि मर्यादा (किमान विक्रीभाव) ४४५ अशी ऑर्डर असेल आणि शेअर सकाळी थेट ४१० ला उघडला असेल. ट्रिगर लागला, पण ४४५ च्या खाली विकायची परवानगी तुम्हीच दिली नव्हती. मर्यादेविना ऑर्डर असती तर ४१० च्या आसपास सुटका झाली असती. साधी स्टॉपलॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, हेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. रोज टाकायची नसेल तर ब्रोकरची जीटीटी सोय (ट्रिगर लागेपर्यंत टिकणारी ऑर्डर) वापरा. खालचं सर्किट (एका दिवसातल्या घसरणीची कमाल मर्यादा) लागलं तर यातलं काहीच चालत नाही, कारण घेणाराच नसतो. पाच टक्क्यांची तीन सर्किटं म्हणजे १४ टक्के गेले. म्हणून आधी संख्या बांधा : ५ लाखांच्या भांडवलावर एका सौद्यात ५ हजारांचा तोटा सोसायचा असेल आणि शेअरमागे जोखीम ५० रुपये असेल, तर १०० शेअर, जास्त नाहीत.

प्रश्न : टेलिग्रामवरच्या गटात सांगितलेला शेअर रोज वरच्या सर्किटला आहे. घ्यावा का? (नाशिक)

उत्तर : नाही. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक बाजार नियामक सेबीच्या संकेतस्थळावर शोधा. सल्लागारांचा ‘आयएनए’ने आणि संशोधन विश्लेषकांचा ‘आयएनएच’ने सुरू होतो. तिथलं नाव आणि गट चालवणाऱ्याचं नाव जुळतं का ते पाहा, कारण दुसऱ्याचा क्रमांक चिकटवणारेही असतात. शेअर एक्स्चेंजच्या एएसएम यादीत (जादा देखरेखीखालच्या शेअरच्या) आहे का आणि प्रवर्तकांनी अलीकडे विक्री केली आहे का, हेही एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर दिसेल.