घोषणा कोणाच्या तोंडी शोभेल?

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेली घोषवाक्ये वाचली. यमके जुळली आहेत, लयही आहे. परंतु ती नेमके काय मागतात आणि कोणी म्हणायची आहेत, हे मला उमगले नाही. जाहिरात असो वा राजकारण, पारख येथूनच सुरू करावी.

‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा पाहा. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचे जाहीर झाले, तेव्हा या मागणीचा पहिला भाग नाकारला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई राजधानी असलेले द्विभाषिक राज्य आले, तेव्हा मुंबई मिळाली, पण मराठी भाषकांचे स्वतंत्र राज्य मिळाले नाही. दोन्ही तडजोडी त्या वाक्यात बसत नव्हत्या, आणि हे गिरणी कामगारालाही कोणा पुढाऱ्याला न विचारता कळत होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तरी बेळगाव बाहेरच राहिले. म्हणूनच सीमाभागात ही घोषणा ‘बेळगावसह’ अशी आजही दिली जाते. मागणी इतक्या नेमकेपणाने मांडणारे वाक्य मला दुसरे आठवत नाही.

याउलट २००४ च्या निवडणुकीपूर्वी केंद्र सरकारने ‘इंडिया शायनिंग’ ही मोहीम चालवली. अर्थव्यवस्था तेव्हा खरोखरच वेगाने वाढत होती, त्यामुळे दावा सर्वस्वी निराधार नव्हता. पण तो सरकारने जनतेला ऐकवायचा होता, जनतेने स्वतःहून म्हणावा असा नव्हता. काँग्रेसने ‘आम आदमी को क्या मिला?’ असे विचारले आणि हा प्रश्न कोणत्याही मतदाराला स्वतःचा म्हणून विचारता येत होता. सत्तांतराचे श्रेय केवळ एका वाक्याला देणे चूक ठरेल, तरीही या दोन वाक्यांतील फरक तू जरूर अभ्यासावास.

पल्स पोलिओच्या ‘दो बूंद जिंदगी की’ या वाक्याने पालकांना त्यांचे काम सांगितले, आणि त्यामागे लसीकरण केंद्रे व घरोघरी जाणारे कर्मचारी उभे होते. ती यंत्रणा नसती, तर तेच शब्द फसवणूक ठरले असते. साबण किंवा विमा विकतानाही ग्राहकाला दिलेला शब्द पाळला जाईल का, हे कंपनीला आधी विचार. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दंड आहेच.

आता तुझ्या प्रत्येक घोषवाक्याखाली ते कोण म्हणेल आणि कोणत्या परिस्थितीत खोटे ठरेल, हे लिहून मला पाठव. ज्याखाली काहीच लिहिता येणार नाही, ते खुशाल खोडून टाक.

तुझा शुभचिंतक