४ टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कचे तुकडे (पार्टिशन) पाडायचे का?

अरे आधी एक सांग, डिस्क फक्त विंडोजला लावणार की मॅकला पण? कारण माझ्या मते पार्टिशन करायचं खरं कारण तेवढंच. फोटो एकीकडे, पिक्चर एकीकडे यासाठी तुकडे पाडू नकोस, फोल्डर कशाला असतात मग. मी मागे २ टीबीचे चार सारखे भाग केले होते, वर्षभरात फोटोंचा भाग भरून लाल झाला आणि शेजारी गाण्यांच्या भागात ३०० जीबी नुसते पडून, मग इकडचं तिकडे हलवत बसलो तर स्पीड रडतखडत, डिस्क तीच ना, आतलं वाचणारं-लिहिणारं हेड बिचारं दोन टोकांना पळतंय.

आणि एक भाग गेला तरी दुसरा वाचेल या भ्रमात राहू नकोस, डिस्क हातातून पडली की सगळेच एकदम जातात. बॅकअप म्हणजे दुसरी डिस्क.

मॅकवर टाइम मशीन (त्याचा आपोआप होणारा बॅकअप) लावणार असशील तर मात्र त्याला वेगळा भाग दे, नाहीतर ते जागा खातच सुटतं. उरलेला भाग एक्सफॅट फॉरमॅटमध्ये कर, विंडोज-मॅक दोन्हीकडे लिहिता येतं, विंडोजचा एनटीएफएस फॉरमॅट मॅक नुसता वाचतो. फक्त कॉपी चालू असताना केबल उपटू नकोस. नुसतं विंडोज असेल तर सरळ एकच एनटीएफएस.

हां, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची पद्धत जीपीटी आहे ना बघून घे, जुनी एमबीआर असेल तर सहसा २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. आणि ३.६३ टीबीच दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नकोस, कंपनी १००० ने मोजते, विंडोज १०२४ ने.