गावातलं वडिलोपार्जित घर विकायचंय. गिऱ्हाईक कुठे शोधू, भाव कसा ठरवू?

तुम्ही लिहिलंय की घर पारोळा तालुक्यातल्या एका लहान गावात आहे, वडील गेल्यापासून कुलूप लागलेलं, तुम्ही दोघं भाऊ सुरतेला आणि दोन्ही बहिणी सासरी. ऑनलाइन जाहिरात टाकू का, असंही विचारलंय. टाका हवी तर, पण फोन येतील ते दलालांचे. मी अमळनेरकडचा, दस्त लिहिणं हाच माझा धंदा. एवढ्याशा गावात घराचं गिऱ्हाईक बाहेरून क्वचितच येतं. बहुतेक वेळा ते शेजारच्या भिंतीपलीकडेच राहत असतं.

म्हणून पहिलं बोलणं शेजाऱ्याशी करा. त्याचा धाकटा मुलगा लग्नाचा झाला असेल तर तुमची जागा त्याला जेवढी कामाची आहे तेवढी दुसऱ्या कुणालाच नाही. आणि त्याला डावलून परस्पर सौदा केलात तर तोच उद्या पारावर म्हणेल, "आम्हले इचारं बी नही!" मग सामाईक भिंत कुणाची, पन्हाळाचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं, हे सगळं निघतं आणि नवा घेणारा बिचकतो. शेजाऱ्याला नको असेल तर भाऊबंदांना विचारा, मगच गावात बोलणं सोडा.

भावाचं म्हणाल तर रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला जागेचा दर, तो फक्त मुद्रांकासाठी बघायचा. गावातला भाव ठरतो तो ट्रॅक्टर दारापर्यंत येतो का, रस्त्याला तोंड किती फूट आहे, यावर. धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, जुन्या घराचे पैसे कुणी धरत नाही, जागेचेच धरतात. पण खणांच्या तुळया-खांब सागवानी असतील तर त्या लाकडाचा हिशेब वेगळा करा. घेणारा घर पाडून तेच लाकूड विकणार असतो, हे तो तुम्हाला सांगणार नाही. शिवाय नुसत्या ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर बँका सहसा कर्ज देत नाहीत, म्हणून घेणारा कापसाचे पैसे हातात आल्यावरच बोलतो. घाई दाखवाल तर भाव पाडून मागतील.

आता बहिणी. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांचा हिस्सा तुमच्याइतकाच, आई असेल तर तिचाही. "आम्हाला काही नको" असं कागदावर लिहून घेतलेलं चालत नाही, हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. माझं मत विचाराल तर हक्कसोडीच्या भानगडीत पडूच नका. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरपणाला येतील तेव्हा समोरासमोर बोला, खरेदीखतावर त्यांच्याही सह्या घ्या आणि त्यांचा वाटा थेट त्यांच्या खात्यात जाऊ द्या. साडीचोळीवर भागवलेले सौदे पुढे कोर्टात गेलेले पाहिलेत. भावाला डावलून आपला एकट्याचा हिस्सा विकायचा विचार असेल तर तोही सोडा. बाकीच्या वारसांना तो आधी विकत घेण्याचा हक्क आहे, आणि परक्याने घेतला तरी एकत्र घराचा ताबा त्याला मागता येत नाही. असा सुटा हिस्सा घेणार कोण?

कागदात लोक एकाच ठिकाणी फसतात. ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे घरपट्टीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. त्यावर 'अतिक्रमण' किंवा 'सरकारी जागा' असा शेरा आहे का ते आधी बघा. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजून मिळकतपत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) दिल्या जात आहेत. तुमच्या गावाची झाली असेल तर तीच काढा, आणि क्षेत्रफळ नमुना 8 शी जुळवून घ्या. जुन्या खरेदीखतातली चतुःसीमा तशीच उतरवू नका. "दक्षिणेस कडुनिंब" असं लिहिलेलं असतं आणि ते झाड कधीच तोडलेलं असतं. आजच्या शेजाऱ्यांची नावं आणि फुटात मापं घाला.

पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून, नोटरी करून घर विकलं जात नाही, कोणी कितीही सांगो. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत दस्तानेच विकता येते, हे 1882 च्या कायद्यापासून आहे. बयाणा घेताना सौदापावती करा, मुदत घाला. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेऊ नका, आयकर कायद्यात त्याला बंदी आहे. ग्रामपंचायत हद्दीत मुद्रांक साधारण चार टक्के, तो घेणारा भरतो. घर बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत मिळते. सौदा थोड्यावरून अडला असेल तर हे सांगून बघा, पुष्कळदा जमतं.

दस्त झाला की घरपट्टीची थकबाकी कुणी भरायची यावरून कुरकुर होते, ते सौदापावतीतच लिहून ठेवा. विजेचं मीटर नावावर करण्याचा अर्जही दस्ताच्या दिवशीच भरून घ्या, नाहीतर सुरतेत बसून दुसऱ्याच्या बिलाचे मेसेज तुम्हाला येत राहतील.