व्यूह, डाव आणि ‘सिंगल विंग’

न्यू जर्सीहून एका वाचकांनी विचारलं आहे: अमेरिकन फुटबॉलमधल्या ‘फॉर्मेशन’ला मराठीत व्यूहरचना म्हणावं का? आणि सिंगल विंग, विशबोन अशा धावण्यावर भर देणाऱ्या जुन्या व्यूहरचना आजच्या एनएफएलमध्ये, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगमध्ये, चालतील का?

पहिल्याचं उत्तर होय, पण नुसतं ‘व्यूह’ म्हणा. ‘व्यूहरचना’ या शब्दाची आपण पार वाट लावली आहे. निवडणुकीची व्यूहरचना, जागावाटपाची व्यूहरचना, शेवटच्या षटकाची व्यूहरचना! या सगळ्या ठिकाणी म्हणायचं असतं डावपेच, आखणी, फार तर धोरण. व्यूह म्हणजे युक्ती नव्हे आणि बेतही नव्हे. कोण कुठे उभा आहे, तो व्यूह. गीतेच्या पहिल्याच अध्यायात दुर्योधन पांडवांचं सैन्य ‘व्यूढ’ झालेलं पाहतो, तेव्हा अजून एकही बाण सुटलेला नसतो. (आणि ‘व्युह’ असं ऱ्हस्व लिहू नका. वि + ऊह आहे, ऊ दीर्घच.)

फुटबॉलमध्ये हा फरक काटेकोर आहे. सेंटर, म्हणजे पुढच्या फळीतला मधला गडी, चेंडू मागे देईपर्यंत अकरा जण ज्या जागी उभे असतात तो व्यूह, आणि त्यानंतर घडतो तो डाव. एका व्यूहातून दहा डाव निघतात आणि एकच डाव पाच व्यूहांतून खेळता येतो.

आता ‘विंग’. तिला ‘पंख’ किंवा ‘बाजू’ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही, कारण शब्द आपल्या घरात तयार आहे: पक्ष. राजकारणाने आणि पंचांगाने तो इतका वापरला की त्याचा मूळ अर्थ पंख आहे, हेच विसरायला झालं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यूहाचे भाग दिले आहेत. उशनसाच्या (शुक्राचार्याच्या) मते दोन पक्ष, मध्ये उरस्य आणि मागे प्रतिग्रह. बृहस्पतीच्या मते यात आणखी दोन कक्ष. उरस्य म्हणजे छातीचा भाग, प्रतिग्रह म्हणजे राखीव फळी. सैन्य म्हणजे पंख पसरलेलं पाखरू, असा हा सगळा विचार आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी पॉप वॉर्नर यांनी कार्लाइलच्या, अमेरिकेतल्या मूळनिवासी मुलांसाठीच्या, शाळेत जो व्यूह घडवला (नामवंत खेळाडू जिम थॉर्प तिथलाच), त्यात एक गडी फळीच्या एका टोकाबाहेर उभा केला. तो विंगबॅक. दुसऱ्या टोकाला असा कोणी नाही. म्हणून सिंगल विंग म्हणजे एकपक्ष व्यूह, आणि हा शब्द बिनदिक्कत वापरावा. ‘एकपक्षीय’शी घोटाळा होईल ही भीती निराधार आहे. मैदानावर कोणी एकपक्षीय निर्णय जाहीर करत नाही.

या व्यूहात सेंटर चेंडू थेट मागे उभ्या टेलबॅककडे फेकायचा, आणि क्वार्टरबॅक (आज सेंटरकडून चेंडू घेऊन डाव चालवणारा) बहुतेक वेळा आडवा जाऊन वाट मोकळी करायचा. ८ डिसेंबर १९४० रोजी एनएफएलच्या अंतिम सामन्यात शिकागो बेअर्सने टी व्यूहातून (क्वार्टरबॅक सेंटरला चिकटून, त्याच्यामागे आडवे तिघे) वॉशिंग्टनच्या संघाला ७३-० असं धुतलं आणि एकपक्षाचे दिवस भरले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पिट्सबर्ग स्टीलर्सनेही तो सोडला. तोवर बाकीचे सगळे टीकडे वळले होते.

मग २१ सप्टेंबर २००८ ला मायामी डॉल्फिन्सने ‘वाइल्डकॅट’ नावाने तोच बाहेर काढला. धावपटू रॉनी ब्राउन क्वार्टरबॅकच्या जागी, खरा क्वार्टरबॅक चॅड पेनिंग्टन दूर कडेला, फळीतले दोन्ही टॅकल (एरवी दोन बाजूंना उभे राहणारे अडवणारे) एकाच बाजूला. सहा वेळा वापरला आणि त्यातून चार टचडाऊन (चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेऊन गुण) झाले. नियमित हंगामातले सलग २१ सामने जिंकलेले प्रतिस्पर्धी न्यू इंग्लंड पेट्रियट्स घरच्या मैदानावर ३८-१३ हरले. नेहमीच्या धावेत क्वार्टरबॅक चेंडू दुसऱ्याच्या हाती देतो आणि मोकळा होतो, म्हणजे अकरांशी नऊच अडवणारे भिडतात. इथे कडेचा क्वार्टरबॅक एका बचावपटूला सोबत ओढून नेतो, म्हणून नवांसमोर दहाच उरतात. एका माणसाचा हा हिशेब हीच त्याची ताकद. पण पेनिंग्टनकडे चेंडू येणार नाही हे उमगल्यावर तो अकरावा बचावपटू आत सरकला. त्याच हंगामात बॉल्टिमोर रेव्हन्सने वाइल्डकॅट आवळून दाखवला.

आणि आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो, ते. विशबोनचं नाव कोंबडीच्या गळ्याजवळच्या दुबेळक्या हाडावरून पडलं, हे कोणीही सांगेल. १९६८ मध्ये टेक्ससच्या विद्यापीठात एमरी बेलार्ड यांनी तो मांडला: क्वार्टरबॅकच्या मागे फुलबॅक, आणि त्याच्या मागे दोन बाजूंना दोन धावपटू. पण त्यातला ‘ऑप्शन’चा डाव नीट पाहा. क्वार्टरबॅक चेंडू फुलबॅकच्या पोटाशी नेतो, आणि नजर असते मुद्दाम न अडवलेल्या एका बचावपटूवर. तो बाहेर थांबला तर चेंडू देऊन टाकायचा, आत धावला तर काढून घ्यायचा. ऊह म्हणजे तर्क, अपोह म्हणजे दूर सारणं. हा शब्दशः ऊहापोह आहे, क्षणार्धात केलेला! पाश्चात्त्य कोशकार ‘सरकवणे’चा ऊह् आणि ‘तर्क करणे’चा ऊह् हे दोन वेगळे धातू मानतात. मला ते साफ अमान्य आहे. गोष्टी सरकवून वेगळ्या केल्या की मांडणी होते, आणि विचार करणं म्हणजेही तेच. माझ्या मते व्यूह आणि ऊहापोह सख्खी भावंडं आहेत, आणि ऑप्शनमध्ये ती एकत्र खेळतात.

एनएफएलमध्ये पूर्ण विशबोन उभा राहत नाही, त्याला सरळ कारणं आहेत. कॉलेजच्या मैदानावर मधल्या खुणांच्या दोन रांगा ४० फूट अंतरावर असतात, तर एनएफएलमध्ये साडेअठरा. चेंडू खुणेवर असेल तर कॉलेजात एका अंगाला १०० फूट मोकळे मिळतात, इथे जेमतेम ८९. कडेने पळणाऱ्याला ते ११ फूट फार महाग पडतात, कारण इथले बचावपटू कॉलेजातल्यांपेक्षा वेगवान. शिवाय संघातल्या सर्वांत महागड्या माणसाला, म्हणजे क्वार्टरबॅकला, दर दुसऱ्या डावात आपटून घ्यायला कोणता मालक तयार होईल?

पण त्यातला डाव? तो तर रोज खेळला जातो. २०१९ मध्ये रेव्हन्सने क्वार्टरबॅकला मागे उभं करणाऱ्या आजच्या व्यूहातून हाच ऊहापोह चालवला आणि हंगामात धावून ३,२९६ यार्ड काढले. पेट्रियट्सचा १९७८ पासूनचा ३,१६५ चा विक्रम मोडला. एकट्या क्वार्टरबॅक लामार जॅक्सनचे १,२०६. त्याच्यापुढे वाट मोकळी करायला फुलबॅक म्हणून पॅट्रिक रिकार्ड होता, तीनशे पौंडांहून जड, आणि तोच त्या हंगामात बचावाच्या फळीतही उतरत होता, अगदी कार्लाइलच्या काळातल्यासारखा, जेव्हा तेच गडी चढाईत आणि बचावातही खेळत.